रिटेन्ड लॉजिक की प्रोग्रेस ओव्हरराइड? खाडीवरच्या कामाचा प्लॅन अपडेट करताना

कोकणातल्या पुलांचे, जेट्टीचे किंवा रस्त्यांचे प्लॅन दर महिन्याला अपडेट करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतोच. प्लॅनमध्ये आधीचं काम संपल्याशिवाय पुढचं सुरू व्हायचं नसतं, पण साइटवर जिथे हात घालता आला तिथे गँगने हात घातलेला असतो. दोन्ही कामांची प्रगती भरून प्रिमाव्हेरा या शेड्यूलिंग सॉफ्टवेअरमध्ये एफ-नाइन दाबून तारखा नव्याने काढल्या की पुढच्या कामाचा उरलेला भाग कुठे बसवायचा, हे एका सेटिंगवर ठरतं: रिटेन्ड लॉजिक की प्रोग्रेस ओव्हरराइड. ते सेटिंग बहुतेक फाइलींमध्ये कोणी तरी पूर्वी कधी तरी लावलेलं असतं आणि नंतर त्याकडे कोणी बघत नाही.

रिटेन्ड लॉजिक दोन कामांमधलं मूळ नातं, म्हणजे आधीचं संपलं की पुढचं, सोडत नाही. पुढचं काम सुरू झालेलं असलं तरी त्याचा उरलेला भाग आधीचं काम संपेपर्यंत थांबतो. प्रोग्रेस ओव्हरराइड ते नातं मोडलं असं धरतं आणि उरलेला भाग थेट डेटा डेटपासून, म्हणजे प्रगती ज्या तारखेपर्यंत भरली त्या तारखेपासून, लावतं. तिसरा पर्याय ॲक्च्युअल डेट्सचा. रोजच्या अपडेटमध्ये त्याची गरज मला पडलेली नाही, म्हणून तो बाजूला ठेवतो.

ओव्हरराइडच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पोचमार्गाचंच बघा. दोन किलोमीटरचा भराव संपला की जीएसबी, म्हणजे रस्त्याच्या तळाचा खडीचा थर, अशी बेसलाइनमध्ये, म्हणजे मूळ मंजूर प्लॅनमध्ये, एका ओळीखाली दुसरी ओळ. मधल्या दोन तुकड्यांचं भूसंपादन अडलेलं, कारण सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातले निम्मे मुंबईत, आणि आंब्याच्या कलमांच्या मोबदल्यावरून वाद. ठेकेदार थांबत नाही, त्याने थांबूही नये. मोकळ्या मिळालेल्या लांबीत तो जीएसबी पसरून मोकळा होतो. आता मार्चअखेरची डेटा डेट लावून रिटेन्ड लॉजिकवर चालवलं, तर उरलेला सगळा जीएसबी त्या दोन तुकड्यांचा भराव संपेपर्यंत अडकून बसतो. तो भराव मेमध्ये संपत नाही. मातीकामाच्या कॅलेंडरला जून ते सप्टेंबर सुट्टी असते, त्यामुळे जीएसबी थेट ऑक्टोबरात जातो आणि त्यामागून डांबरीकरणही. प्रत्यक्षात मोकळ्या लांबीत रोलर रोज फिरतोय. क्लायंट विचारतो, काम चालू असताना प्लॅन चार महिने मागे कसा गेला? अशा वेळी ओव्हरराइडचं उत्तर खऱ्याच्या जास्त जवळ असतं, हे मान्य करायला हवं.

आपल्याकडे पावसाळ्यामुळे या सेटिंगचा परिणाम देशावरच्या कामापेक्षा मोठा दिसतो. तिकडे दहा दिवसांची ढकल दहाच दिवसांची राहते. इकडे तेच दहा दिवस ३१ मेच्या पलीकडे गेले की त्यांचे चार महिने होतात. म्हणून कोकणातल्या प्लॅनरला ओव्हरराइडचा मोह जास्त होतो, आणि तो मी समजू शकतो.

तरीही माझा कल रिटेन्ड लॉजिककडे आहे, आणि त्याचं कारण फ्लोटचा रकाना. फ्लोट म्हणजे प्रकल्पाची शेवटची तारीख न हलवता एखादं काम किती दिवस लांबू शकतं तो आकडा.

एका खाडीपुलाच्या कामावर पी-४ खांबाखाली सहा पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतायचे काँक्रीटचे खांब, होते. चार ओतून झाले. उरलेल्या दोघांना अपेक्षेपेक्षा वर कातळ लागला आणि रिग, म्हणजे पाइलचं भोक पाडणारं यंत्र, तिथेच रेंगाळली. दरम्यान रिकाम्या बसलेल्या गँगने झालेल्या चार पाइलची डोकी तोडायला घेतली, वाळूच्या गोण्यांचा बांध घातला, यार्डात सळई कापायला लागली. रोजच्या रिपोर्टात लिहून आलं, 'पी-४ पाइल कॅप, वीस टक्के'. कॅप म्हणजे सगळ्या पाइलच्या डोक्यांवर ओतायचा काँक्रीटचा ठोकळा. रिपोर्टात खोटं काही नव्हतं. काम खरंच सुरू झालं होतं.

फाइल ओव्हरराइडवर होती. सॉफ्टवेअरने उरलेली ऐंशी टक्के कॅप डेटा डेटपासून लावली, म्हणजे दोन पाइल जमिनीत नसताना कॅपचं काँक्रीट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण दाखवलं. एवढं तर साइटवरचा कोणीही वाचून हसला असता आणि दुरुस्त झालं असतं. घोटाळा त्याच्या वरच्या ओळीत होता. पाइलिंगच्या पुढे एकच काम जोडलेलं होतं, ते म्हणजे ही कॅप. तिच्याशी असलेलं नातं गेल्यावर पाइलिंगच्या पुढे कुणी उरलंच नाही. मग त्याचा फ्लोट थेट प्रकल्पाच्या शेवटापर्यंत मोजला गेला आणि दोन उरलेल्या पाइलसमोर दीडशे दिवसांच्या वर फ्लोट आला. प्लॅनमधली निकडीची तांबडी रेघ गेली, हिरवी आली. रिग महिन्याच्या भाड्याची, दुसऱ्या साइटवरून तिच्यासाठी रोज फोन. इथे एवढा फ्लोट आहे म्हटल्यावर ती हलवली गेली. तो अपडेट तपासायला माझ्या हाती आला तेव्हा रिग ट्रेलरवर चढून गेलेली होती. ती परत येईपर्यंत मे अर्धा संपला होता. भरतीच्या पट्ट्यातली कॅप ओतायला भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे, दिवस धरावे लागतात, उधाणात बांध टिकत नाही. एक भांग हुकला की पुढचा पंधरवड्याने. मेमधला शेवटचा भांग हुकला आणि कॅप ऑक्टोबरात गेली.

रिटेन्ड लॉजिक चुकतं तेव्हा ते तारीख पुढे ढकलून चुकतं. ती चूक ठळक दिसते, मीटिंगमध्ये कोणी तरी आवाज चढवून विचारतं आणि मग दुरुस्ती होते. ओव्हरराइडची चूक मात्र मागच्या कामाच्या फ्लोटमध्ये लपते. छापील बार चार्टवर तो रकाना अनेकदा नसतोच. ज्या चुकीबद्दल कोणी तक्रार करणार नाही, तिची मला जास्त भीती वाटते. कदाचित तुमच्या कामावर फ्लोट बघून यंत्रं हलवली जात नसतील, मग तुम्हाला हे एवढं बोचणारही नाही.

अर्थात नुसतं रिटेन्ड लॉजिक लावून सोडून देणं मी सुचवणार नाही. पोचमार्गाची ती चार महिन्यांची उडी तशीच राहील. शेड्यूल केल्यावर सॉफ्टवेअर जो लॉग, म्हणजे नोंदींचा अहवाल, देतं तो उघडायचा. त्यात क्रम सोडून सुरू झालेल्या कामांची यादी येते. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी साइट इंजिनीअरला एकच गोष्ट विचारायची, 'उरलेलं काम आधीच्यासाठी थांबणार आहे का?' पी-४ च्या बाबतीत उत्तर 'हो', म्हणून नात्याला हात लावायचा नाही. पोचमार्गाच्या बाबतीत 'नाही', म्हणजे बेसलाइनमधलं नातंच ढोबळ होतं. तिथे भराव आणि जीएसबी दोन्ही चेनेजप्रमाणे, म्हणजे रस्त्याच्या लांबीतल्या अंतरांप्रमाणे, तोडायचे, अडलेले तुकडे वेगळे काढायचे आणि प्रत्येक तुकड्याचं नातं आपापल्याशी जोडायचं. हे एकदा केलं की पुढच्या अपडेटला त्या ओळी लॉगमध्ये येतच नाहीत, आणि भूसंपादनामुळे नेमकं किती अडलं आहे हेही त्या वेगळ्या तुकड्यांवर दिसायला लागतं. मुदतवाढ मागायची वेळ येते तेव्हा हेच कामी येतं.

तोडायला वेळ नसेल तर फिनिश-टू-स्टार्ट (आधीचं संपलं की पुढचं सुरू) नातं काढून स्टार्ट-टू-स्टार्ट (आधीचं सुरू झालं की पुढचं सुरू) आणि लॅग, म्हणजे मधल्या दिवसांचं अंतर, लावतात. चालतं, पण दोन गोष्टी सांभाळा. सोबत फिनिश-टू-फिनिशही (आधीचं संपल्यावरच पुढचं संपेल) लावा, नाहीतर मागच्या कामाचा शेवट पुन्हा लोंबकळतो आणि ओव्हरराइडचाच दोष मागच्या दाराने आत येतो. आणि लॅग कुठल्या कॅलेंडरवर मोजला जातोय ते बघा. प्रिमाव्हेरात तो बहुतेकदा आधीच्या कामाच्या कॅलेंडरवर ठेवलेला सापडतो. आधीचं काम पावसाळी सुट्टीच्या कॅलेंडरवर असेल, तर मेच्या शेवटाला लागलेला सात दिवसांचा क्युअरिंगचा लॅग ऑक्टोबरात संपतो. काँक्रीट पावसातही पिकतंच.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टवर असाल तर याच्या जवळपासचं सेटिंग म्हणजे सुरू असलेली कामं तोडण्याची मुभा देणारा पर्याय. तो चालू ठेवला की उरलेला भाग पुढे सरकतो आणि मधली मोकळी जागा ठिपक्यांनी दिसते. मला ते ठिपके आवडतात. काम थांबलंय की नुसतं प्लॅनमध्ये थांबलंय, हा प्रश्न ते आपोआप विचारायला लावतात.

ओव्हरराइड कुठे ठेवावं? साइटपुरता तीन-चार आठवड्यांचा लुकअहेड, म्हणजे पुढच्या कामांचा छोटा प्लॅन, असेल, फ्लोट कोणी बघणार नसेल, तर ठेवा. काम संपत आलंय, रेलिंग, रंग, फलक अशी सुटी कामं कशीही आगेमागे होतायत आणि मागे काही जड अडकलेलं नाही, तरी ठेवा. करारात क्लायंटने एखादं सेटिंग लिहूनच दिलं असेल तर निवडीचा प्रश्नच नाही. बऱ्याच स्पेसिफिकेशनमध्ये रिटेन्ड लॉजिकच लिहिलेलं असतं, तेव्हा टेंडर एकदा उघडून खात्री करा.

दुसऱ्याची चालू फाइल हातात आली असेल आणि ती ओव्हरराइडवर असेल, तर गुपचूप बदलू नका. प्रिमाव्हेराचा प्लॅन दुसऱ्याला पाठवायच्या एक्सइआर फाइलमध्ये शेड्यूलचे पर्याय सोबत जातात, पलीकडच्याला ते दिसतात, आणि दोन अपडेटमध्ये सेटिंग बदललेलं सापडलं की पुढे विलंबाच्या हिशोबात तुमच्या प्रत्येक तारखेवर शंका घेतली जाते. फाइलची प्रत काढा, त्याच डेटा डेटला दोन्ही प्रकारे चालवा, शेवटची तारीख आणि फ्लोट शेजारी-शेजारी ठेवा. ज्या कामांचा फ्लोट एकीकडे शून्याच्या आसपास आणि दुसरीकडे शेकड्यात आहे, ती आधी साइटवर जाऊन बघा. त्या नात्यांची दुरुस्ती करा, मग काय बदललं आणि का, हे अपडेटच्या टिपणीत लिहून क्लायंटला कळवा आणि पुढच्या महिन्यापासून रिटेन्ड लॉजिकवर या. ही अदलाबदल शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अपडेटला करा. तेव्हा पुढे पूर्ण हंगाम असतो आणि तारखा थोड्या हलल्या तरी त्या पावसाच्या पलीकडे जात नाहीत. एप्रिलमध्ये केलीत तर सगळी चर्चा सेटिंगवरच होईल आणि राहिलेल्या पाइलकडे कोणी बघणार नाही.