मस्कतची दुपारची सिटी टूर: पाचपैकी दोन तारे, तेही ड्रायव्हरचे

मस्कतला जाणार असाल आणि सिटी टूर घेणार असाल, तर आधी विचारा: सकाळची की दुपारची? दुपारची म्हणाले तर नको म्हणा. मी ‘हो’ म्हणून बसले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघं गेलो होतो: मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. गुडघे कुरकुरतात, नजर मात्र सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत. हॉटेलच्या काउंटरवरूनच एका टूर कंपनीची ‘हाफ डे सिटी टूर’ घेतली. गुरुवारी दुपारी दोनची, तिघांचे मिळून ३६ ओमानी रियाल. सकाळी निवांत आवरू, जेवू आणि निघू, असा आमचा शहाणपणा. काउंटरवरच्या मुलाने मान डोलावली. त्याचं काय जात होतं!

दोन वाजता हॉटेलच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. एसीने गार पडलेल्या काचा, बाहेर समुद्राची वाफ. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, तेव्हा हवा अगदी ठणठणीत कोरडी असेल, अशी समजूत करून मी गेले होते. ती पहिल्या पायरीवरच पुसावी लागली, चष्म्यासकट. ऊन पस्तिशीचं होतं, पण डोंगर काळे-तपकिरी, गवताचं पातं नाही, आणि रस्त्याकडेच्या पांढऱ्या भिंती डोळ्यांवर येतात. उन्हाळ्याचा तर विषयच नको. मस्कतच्याच किनाऱ्यावर पुढे कुरय्यात आहे, तिथे २६ जून २०१८ ला चोवीस तासांतलं किमान तापमान ४२.६ अंश होतं. किमान! म्हणजे रात्रीसुद्धा पारा त्याच्या खाली उतरला नाही. नोव्हेंबर ते मार्च हाच काय तो जाण्याचा काळ. त्यातही रमजान कधी येतो ते बघून घ्या, त्या महिन्यात दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा पिता येत नाही.

टूरचा पहिला थांबा सुलतान काबूस ग्रँड मशीद. पाहुण्यांना आत सोडतात सकाळी आठ ते अकरा. आम्ही पोचलो अडीचला. वरातीमागून घोडं! कंपनीच्या छापील पत्रकात मात्र ‘ग्रँड मशीद’ ठळक अक्षरांत आणि त्याच्यापुढे इवल्याशा अक्षरांत ‘बाहेरून’. पुढे ऑपेरा हाउस, तेही बाहेरून. अलम राजवाडा तर सगळ्यांनाच बाहेरून, त्यात कंपनीचा दोष नाही. निळ्या-सोनेरी खांबांचा तो राजवाडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना जलाली आणि मिरानी हे पोर्तुगिजांच्या काळातले किल्ले, हे दृश्य छानच आहे. पण भर उन्हात त्या मोकळ्या फरसबंदीवर दहा मिनिटं उभं राहून दाखवा. सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. “मला इथून दिसतंय,” म्हणाल्या, आणि काच अर्धी खाली करून बघितलं.

शेवटी मत्रा सूक, म्हणजे मत्र्याचा बाजार. साडेतीनला. अख्ख्या बाजाराची शटरं खाली. इथली दुकानं दुपारी एकच्या सुमाराला बंद होतात ती चार-पाचला उघडतात. आम्ही कुलपं बघत गल्ल्यांतून हिंडलो. सव्वाचारला एकेक शटर वर जायला लागलं, आणि आमची निघायची वेळ झाली.

आता ते दोन तारे. ड्रायव्हर ओमानी होता (टॅक्सी इथे ओमानी माणसंच चालवतात), हिंदी फर्डं. मशिदीच्या बंद दारापाशी आमची तोंडं बघून म्हणाला, “अम्मा, यहाँ तो सुबह आना था.” कंपनी त्याची नव्हती, चूक त्याची नव्हती, तरी ओशाळला बिचारा. सासूबाईंसाठी एसी चालू ठेवला, पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि आमच्याच पावतीच्या पाठीवर वेळापत्रक लिहून दिलं. त्या पावतीवर आमचे पुढचे तीन दिवस निघाले. त्यात पहिलीच ओळ होती: उद्या शुक्रवार, मशीद नाही. पाहुण्यांसाठी ती शनिवार ते गुरुवारच उघडी असते. शिवाय इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, आणि शुक्रवारी सकाळी बाजारही झोपलेला. दोनच दिवसांसाठी जाणारे नेमके गुरुवारी रात्री उतरतात आणि शुक्रवार वाया घालवतात. तो दिवस आम्ही जुन्या मस्कतमधल्या मोतीश्वर महादेवाच्या देवळात सकाळी जाऊन आणि दुपारी पडदे ओढून झोपून काढला. झोप ही इथली गरज आहे, आळस नव्हे.

शनिवारी ओटॅक्सी ॲपवरून गाडी बोलावली आणि आठाच्या ठोक्याला मशिदीत. बायकांना केस झाकलेले, हात मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत झाकलेले लागतात. साडी चालेल असं मला वाटलं होतं, पण ब्लाउजच्या बाह्या आणि पोट आडवं आलं. दारात अबाया भाड्याने मिळतो. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा पायघोळ काळा झगा घातला. वर “ह्यात खिसा नाही” ही तक्रार. लांब बाह्यांचा सलवार-कमीज आणि मोठी ओढणी घरूनच नेली तर हे टळतं. पुरुषांना पूर्ण पँट.

मुख्य दालनात एकसंध गालिचा आहे. ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद, वजन २१ टन. इराणमधल्या ६०० विणकर बायकांचं चार वर्षांचं काम. लोक माना वर करून झुंबराचे फोटो काढत होते. सासूबाईंनी आयुष्यभर भरतकाम केलेलं, त्या खाली बघत होत्या. चालायच्या पट्टीच्या कडेला थांबून, काठीवर भार देऊन वाकल्या आणि तिथल्या स्वयंसेविकेला सरळ मराठीत विचारलं, “उलटी बाजू दाखवाल का? काम खरं की खोटं ते मागून कळतं.” मी हिंदीत सांगितलं, तिला तेही कळलं नाही, मग हातवारे. ती हसली आणि तिने आम्हाला खजूर आणि वेलचीचा कहवा पाजला. उलटी बाजू नाहीच दिसली. दोन तास कसे गेले कळलं नाही, आणि दहानंतर टूरच्या बसगाड्या ओतायला लागल्या तेव्हा आम्ही बाहेर पडत होतो.

संध्याकाळी सूक. शहरातल्या रुवी भागातून ४ नंबरची लाल बस मत्र्याच्या कॉर्निशला, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याला, आणून सोडते, माणशी अर्धा रियालसुद्धा लागत नाही. ३६ रियालांपुढे हे आकडे मुद्दाम सांगतेय. कॉर्निशवर सूर्य समुद्रात बुडताना बघायचा बेत करू नका, तो मागच्या डोंगरांआड जातो. पण नंतर किल्ल्यावर दिवे लागतात, बाजारातून लोबानाचा धूर येतो, गार वारा सुटतो, आणि दुपारचं तेच मरगळलेलं गाव ओळखू येत नाही.

पैशांचं एक सांभाळा. एका रियालचे हजार बैसे, शंभर नव्हे. किमती तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. ३.५०० अशी चिठ्ठी बघून हे साडेतीन हजार समजले आणि हातातली धूपदाणी घाईघाईने खाली ठेवली. साडेतीन रियाल होते. घासाघीस करून तीनला आणली, तेव्हा ह्यांची छाती दोन इंच फुगली. लोबान घ्याल तर हिरवट, स्वच्छ खडे बघून घ्या. तो होजारी जातीचा, चढा मिळतो, पण राख-माती कमी निघते.

तेव्हा टूर घ्यायचीच असेल तर दोन प्रश्न विचारून घ्या: मशिदीत किती वाजता नेणार, आणि आत नेणार की बाहेरून दाखवणार. गुडघ्यांची भानगड नसेल तर टूरच कशाला, एक सकाळ आणि एक संध्याकाळ स्वतः काढा. वादी शाबला, म्हणजे डोंगरातल्या पाण्याच्या घळीत, जायचं मनात असेल तर तो वेगळा दिवस. तिथे पाण्यातून आणि दगडांवरून चालावं लागतं. आम्ही नाही गेलो.

व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकृत साइटवरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट उगाच वर पैसे लावतात. आणि हो, भिंतीतले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. आपला चार्जर बसत नाही. मी ॲडॉप्टर विसरले होते, तो सूकमध्ये धूपदाणीच्या शेजारच्याच दुकानात मिळाला.