बरोबरीचा डाव लिचेसवर तपासताना

क्लबातला बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की तो सहसा कुणी उघडून बघत नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरचं विश्लेषण नेमकं अशा डावांसाठी वापरावं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. स्कोअरशीटवरच्या खेळ्या थेट पटावर भरता येतात, पण आलेख आणि चुकांची यादी हवी असेल तर पीजीएन (डावाच्या खेळ्यांची मजकूर फाइल) आयात करून संगणकीय विश्लेषण मागवा.

अचूकतेच्या टक्क्यांवर भाळू नका. झटपट मोहऱ्यांची अदलाबदल करून संपवलेल्या डावात ते भरघोसच येतात, चुकायला जागा कुठे असते! त्यापेक्षा स्टॉकफिशच्या, म्हणजे तिथल्या बुद्धिबळ इंजिनाच्या, ओळी (सुचवलेले पर्याय) तीनवर ठेवा. तिन्ही ०.०० (बरोबरी) असतील तर स्थिती निवांत. पहिली ०.०० आणि दुसरीच पांढऱ्याला +४ अशी मोठी आघाडी दाखवत असेल, तर काळा एकाच खेळीवर तगून आहे.

खरी मजा हत्तींच्या अंतिम डावात. पांढरा: राजा एफ६, हत्ती ए७, प्यादं एफ५. काळा: राजा एफ८, हत्ती एफ१, खेळी काळ्याची. ए८ वर मात लागतेय, म्हणून राजा हलवायलाच हवा. जी८ ला गेला तर बरोबरी: हत्ती ए८ शह, राजा एच७, हत्ती एफ८, आणि आता काळ्याचा हत्ती ए१ ला, बाजूने शह द्यायला मोकळा. ई८ ला गेला तर हार. राजा प्याद्याच्या आखूड बाजूला (जिकडे पटाची कड जवळ) आणि हत्ती लांब बाजूला, हा नियम. सात किंवा कमी मोहरी उरली की पुस्तकाच्या चिन्हाखाली टेबलबेस (अंतिम डावांच्या अचूक निकालांचा साठा) उघडतो आणि हा निकाल पक्का सांगतो. का, ते मात्र सांगत नाही. तिथला डीटीझेड आकडा मात होईपर्यंतचा नव्हे, पुढच्या मारापर्यंतचा किंवा प्याद्याच्या खेळीपर्यंतचा असतो. नवखे तिथेच फसतात.

एक उणीव जाणवते. संगणकाशी सराव करताना बरोबरीच्या स्थितीत स्टॉकफिशला सगळ्या ०.०० खेळ्या सारख्याच वाटतात, त्यामुळे तो कोड्यात पाडणारी खेळी शोधत नाही. समोरचा माणूस मुद्दाम शोधतो. म्हणून बचावाचा सराव क्लबातल्या जोडीदारासोबतच करा, दोन्ही रंगांनी, घड्याळ लावून. नंतर तेच डाव लिचेसच्या स्टडीत (डाव साठवायच्या वहीत) अध्याय करून ठेवता येतात, टिपांसकट.