कागदी पॅकिंग की सिलिकॉन पेस्ट?

गाडीच्या इंजिनात मोठ्या बोरचा ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो, जास्त व्यासाचा सिलिंडर) घरीच बसवल्यावर त्याच्या बुडातून तेल झिरपू लागल्याने आर्वीकडील एका शेतकरी मित्राने विचारले आहे की, नवे कागदी पॅकिंग टाकावे की नुसत्या पेस्टवर भागवावे. त्याआधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनातील दाब बाहेर सोडणारी, नळी तपासावी; ती तुंबलेली असल्यास क्रँककेसमधील (ब्लॉकखालच्या पेटीतील) दाबामुळे कोणत्याही सांध्यातून तेल बाहेर येते.

खर्चातील फरक किरकोळ आहे. खरा प्रश्न जाडीचा आहे, कारण ब्लॉक किती उंचीवर बसेल हे पॅकिंग ठरवते आणि ते वगळल्यास पिस्टन हेडच्या (ब्लॉकवरील झाकणाच्या) जवळ जाऊन कॉम्प्रेशन, म्हणजे आतील मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढते. बोर वाढवलेले इंजिन मग मे महिन्याच्या उन्हात ठोकू लागण्याची, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठकठकण्याची, भीती असते. जुना कागद खरवडण्याचे काम मात्र कंटाळवाणे आहे, आणि त्यात ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात.

पेस्ट असे बारीक ओरखडे भरून काढते. परंतु ती जास्त झाल्यास आत सुटलेले तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात. शिवाय ती हवेतील ओलाव्यावर पक्की होत असल्याने वैदर्भीय उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत, ट्यूबवर काहीही छापलेले असो, गाडी एक दिवस उभीच ठेवावी.

ब्लॉकच्या बुडाला कागदी पॅकिंगच योग्य आहे. क्रँककेसच्या ज्या सांध्याला कंपनीने मुळात पॅकिंग दिलेले नाही, तेथे पेस्टचा पातळ थर पुरतो. हेड पॅकिंगच्या जागी ती कधीही वापरू नये.