खातं अण्णांच्या नावाचं, पैसे गेले तिसऱ्याच्याच नावावर

माझ्या वडिलांचे १,८४,००० रुपये गेले. ते लॉटरीच्या नादाला लागले नव्हते, शेअरच्या ग्रुपमध्ये नव्हते, की कुणाच्या धमकीला घाबरले नव्हते. ते बचत खातं निवडत होते. ज्या पद्धतीनं त्यांना फसवलं ती नाशिकमधल्या कुणाच्याही आईवडिलांवर चालेल, म्हणून सविस्तर लिहितेय.

अण्णा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले, घर जेलरोडला. बरेचसे पैसे मुदत ठेवीत आणि अडीअडचणीला थोडे बचत खात्यात. २०२५ च्या जूनपासून मोठ्या बँकांनी बचतीवरचं व्याज अडीच टक्क्यांवर आणलं, तेव्हा त्यांनी वहीत आकडे मांडायला सुरुवात केली. काही लघु वित्त बँका सात टक्क्यांच्या आसपास व्याज देतात, पण ते बहुतेक वेळा मोठ्या शिलकीवर. खालच्या टप्प्याला दर बराच कमी असतो. हे सगळं अण्णांनी नीट वाचलं होतं. त्यातच मोबाईलवर एक जाहिरात आली: घरबसल्या बचत खातं, किमान शिलकीची अट नाही, पहिल्या रुपयापासून साडेआठ टक्के. त्यांनी फॉर्ममध्ये नंबर भरला आणि फोन आला.

बोलणारा अस्सल मराठी. "काका, घाई नाही, तुम्ही सगळं वाचा, मग ठरवा," असं म्हणणारा. त्यानं व्हॉट्सॲपवर ॲपची फाईल पाठवली. प्ले स्टोअरवर का नाही, असं अण्णांनी विचारलं, तर हे खास ज्येष्ठ नागरिकांच्या खात्याचं ॲप आहे म्हणाला. मग व्हॉट्सॲपवरच व्हिडिओ कॉल. गळ्यात ओळखपत्र, मागे बँकेचा फलक. पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, आधारचा ओटीपी ॲपमध्ये टाकायला लावला. थोड्या वेळात ॲपमध्ये अण्णांचं पूर्ण नाव, खाते क्रमांक आणि विमा संरक्षणाचं चिन्ह दिसू लागलं.

खरी बँक व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पडताळणी, करते. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० पासून तशी परवानगी दिली आहे. पण ती बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेतून होते, व्हॉट्सॲपच्या कॉलवर नाही. आणि नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेल्या खात्यात एक लाखाहून जास्त शिल्लक ठेवताच येत नाही, वर्षभरात पूर्ण केवायसी झाली नाही तर ते चालू राहत नाही. हा नियम मलाही नंतर कळला. कळणार तरी कुठून, बँकेच्या काउंटरवर असं कुणी सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. अण्णांनी आधी ५,००० रुपये पाठवले. जुन्या बँकेच्या ॲपमध्ये खाते क्रमांक टाकल्यावर समोरच्याचं नाव दिसलं, ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. अण्णांनी लगेच फोन करून विचारलं. "काका, ते आमचं कलेक्शन खातं. तिथून रक्कम तुमच्या खात्यात वळती होते." ॲपमध्ये ५,००० जमा दिसले, वर थोडं व्याजही. त्यांनी पारखायला १,००० काढले, ते खरोखर जुन्या खात्यात आले. मग ८०,००० आणि त्यानंतर १,००,००० गेले.

बचत खातं तुमचं असेल तर पैसे भरताना तुमचंच नाव दिसलं पाहिजे. दुसऱ्याचं नाव दिसलं की कारण काहीही सांगोत, तिथंच थांबायचं. नाव दाखवण्याची ही सोय एनईएफटी आणि आरटीजीएससाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना सांगितलं होतं. ती असते ती याचसाठी.

आईच्या मोतीबिंदूसाठी पैसे काढायची वेळ आली, तेव्हा ॲपनं १८,००० रुपये 'पडताळणी शुल्क' मागितलं. अण्णांनी मला फोन केला. मी इंदिरानगरहून निघेपर्यंत त्यांना जुन्या बँकेत फोन करायला सांगितलं आणि मी रिक्षातूनच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. तिथं प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (म्हणजे त्या व्यवहाराची ओळख सांगणारा) क्रमांक, तारीख, रक्कम विचारतात. बँकेचा मेसेज हाताशी ठेवा, वेळ वाचतो. पुढच्या खात्यात ६२,००० अडकवून ठेवता आले, बाकी तोवर पुढे सरकले होते. त्या ६२,००० साठी सायबर पोलीस ठाण्यामार्फत न्यायालयात अर्ज केलाय. आमच्या बँकेनं भरपाई नाकारली: २०१७ चा रिझर्व्ह बँकेचा संरक्षणाचा नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, हे पैसे अण्णांनी स्वतः पाठवले होते. याचा मला अजून संताप येतो, कारण फसवून घेतलेली परवानगी ही परवानगी कशी?

खातं निवडताना व्याजदराआधी बँक आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं, आणि तो पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा कुठल्या बँकांना आहे, त्यांची यादी ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर आहे. ॲपवरच्या चिन्हाला काही अर्थ नाही. काही ॲप स्वतः बँक नसतात, मागे कुठली तरी बँक असते. अशा वेळी त्या बँकेच्या शाखेत जाऊन आपला खाते क्रमांक दाखवा आणि तो त्यांच्याकडे आहे का हे विचारा.

तसलीच जाहिरात परवा आत्याच्या मोबाईलवर दुसऱ्या नावानं आली. आम्ही तिची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर केली आणि त्या फोन नंबरची दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार सुविधेवर. तुम्हाला दिसली तर तुम्हीही करा, आणि घरातल्या मोठ्यांना त्याच दिवशी सांगा.