टिळकवाडीतला लिनक्स नेटवर्किंगचा रविवारचा क्लास, खानापूरहून जाऊन केला

सहा रविवार खानापूर-बेळगाव ये-जा करून हा क्लास केला आणि मनापासून सांगतो, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आतलं मराठीतून कुणी इतकं सोडवून सांगेल असं वाटलं नव्हतं. याआधी एका ठिकाणी फी भरून नुसते नेटवर्कचे सात लेयर (थर) पाठ केलेले, सेंड कॉल (डेटा पाठव म्हणून प्रोग्रॅमनं कर्नलला सांगणं) मारल्यावर आत पुढं काय होतं विचारलं तर ते सिलॅबसमध्ये नाही म्हणाले.

इथं सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक लांब पट्टी काढली, डावीकडं जागा मोकळी सोडली आणि उजवीकडं डेटा लिहिला. मग डेटाच्या अलीकडं टीसीपी हेडर (त्या लेयरनं डेटाच्या पुढं जोडलेली माहिती), त्याच्या अलीकडं आयपीचे 20 बाइट, सगळ्यात पुढं इथरनेटचे 14. लिहिलेलं काही पुसलं नाही, फक्त सुरुवातीची खूण डावीकडं सरकत गेली. कर्नल प्रत्येक पाकीट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) ज्यात ठेवतो ते एसकेबफ म्हणजे हेच की, हेडरची जागा आधीच राखून ठेवायची, मग प्रत्येक लेयरला डेटा परत कॉपी करायला लागत नाही. तीन वेळा वाचलेलं, डोक्यात शिरलं त्या दिवशी.

तिसऱ्या रविवारी शेजारचा पोरगा म्हणाला, "सर, एमटीयू 1500 आणि टीसीपीडंपमध्ये लेंग्थ 2896 दिसालंय की!" म्हणजे एका पाकिटाची मर्यादा 1500 बाइट, आणि पाकिटं पकडून दाखवणारं टीसीपीडंप त्याहून मोठं दाखवत होतं. सरांनी लगेच उत्तर दिलं नाही, इथटूल या कमांडनं टीएसओ (डेटाचे तुकडे नेटवर्क कार्डाकडून करून घ्यायची सोय) बंद करायला लावलं आणि परत कॅप्चर केलं तर बरोब्बर 1448. 1500 मधून आयपीचे 20, टीसीपीचे 20 आणि टाइमस्टॅम्पचे 12 वजा करा, तेवढेच उरतात. म्हणजे कर्नल मोठा गठ्ठाच कार्डाकडं देतो, तुकडे कार्ड करतं, आणि टीसीपीडंप बघतंय कार्डाच्या अलीकडं. जाणाऱ्या पाकिटांचा चेकसम (डेटा बिघडला का ते तपासायचा आकडा) चुकीचा दिसतो त्याचं कारणपण तेच, तो कार्डच भरतं. ऑफिसात याच चेकसमपायी मी दोन दिवस केबली बदलत बसलो होतो हो!

पाकीट गेलं तरी अ‍ॅक (पोचल्याची पावती) येईपर्यंत टीसीपी मूळ प्रत सोडत नाही, हे स्विचपलीकडची केबल उपटून, रिट्रान्सचा (परत पाठवल्याचा) आकडा वाढताना दाखवून शिकवलं. लई भारी.

तक्रार एकच. ड्रायव्हरची रिंग (कार्डासाठी लावलेली पाकिटांची रांग), डीएमए (कार्डानं मेमरीतून थेट डेटा उचलणं), पाकीट गेल्यावरचा इंटरप्ट (कार्डानं प्रोसेसरला दिलेली खूण) हे सगळं शेवटच्या तासात उरकलं, त्याला अख्खा एक रविवार पाहिजेच, आम्ही सगळ्यांनी सरांना तसं सांगून आलोय. लॅपटॉपवर लिनक्स आधीच टाकून जा, पहिला अर्धा तास त्यातच जातो.