व्ही-सिक्स इंजिन: ११ महिने, १५,००० किलोमीटर

गाडी घेतली तेव्हा मीटरवर ७८,००० किलोमीटर होते, आज ९३,००० च्या पुढे गेलेत. सेडान आहे. पेट्रोल, ३.५ लिटर, ६० अंशांचं व्ही-सिक्स (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या ६० अंशांच्या कोनात), टर्बो नाही, इंजिन आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्या चाकांना. त्याआधी मी चार सिलिंडरच्याच गाड्या चालवल्या होत्या. सीट, स्क्रीन, डिकी यांबद्दल इथे काही लिहीत नाही. वापरलेली व्ही-सिक्स घ्यावी की नाही, या प्रश्नाने मला दोन वर्षं छळलं, आणि वाचायला जे मिळायचं ते एक तर आवाजाचं कौतुक असायचं, नाही तर पेट्रोलचं रडगाणं. ११ महिन्यांनंतर मला वाटतं, सगळं एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. चार सिलिंडरच्या जागेत सहा बसवलेत. चालवताना मिळणारं सुख त्यातलंच आणि बॉनेट उघडल्यावर होणारा त्रासही त्यातलाच.

सुखाचं आधी. जुन्या गाडीत सिग्नलला उभं राहिलं की आतल्या आरशात मागच्या गाडीचे दिवे बारीक थरथरायचे. त्याची इतकी सवय झाली होती की आरसे असेच असतात असं वाटायचं. या गाडीत पहिल्याच संध्याकाळी मागच्या नंबर प्लेटवरचे आकडे, उलटे का होईना, आरशात एकेक करून वाचता आले. स्टीअरिंगवर हात ठेवला तर फक्त एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना बोटांना कळतं.

यामागचं गणित सोपं आहे आणि मला ते फार आवडतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, पूर्ण झाले की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटलेला असतो. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांनी एक ढकल मिळते. पण पिस्टन खाली पोचायच्या आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागतो, म्हणून एक ढकल संपून दुसरी सुरू होईपर्यंत मधे रिकामा क्षण जातो. सहा सिलिंडरमध्ये हीच ढकल दर १२० अंशांनी येते, म्हणजे पहिली ओसरायच्या आत दुसरी हजर. ६५० आरपीएमच्या (मिनिटाला ६५० फेरे) आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला साधारण २२ वेळा पेटतं, हे ३२ वेळा. आरसा स्थिर राहतो तो यामुळे. शिवाय सरळ चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाची एक उभी थरथर असते, तीही इथे नाही.

तरी व्ही-सिक्स म्हणजे सरळ रांगेतले सहा नव्हेत. एका मित्राची सरळ सहा सिलिंडरची गाडी मी दोन दिवस वापरली आणि फरक पाचेक हजार आरपीएमच्या वर कळला. त्याचं इंजिन तिथेही गुळगुळीत होतं. माझ्यात अॅक्सिलरेटरच्या पॅडलमधून एक बारीक घरघर तळव्याला लागते. तीन सिलिंडरची रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोलायला बघते आणि व्हीमध्ये अशा दोन रांगा असतात. सरळ सहात पुढचे तीन आणि मागचे तीन एकमेकांची डोल मोडून काढतात. मग सगळे सरळ सहाच का बनवत नाहीत? कारण ते लांब असतं. माझ्या गाडीत ते आडवं मावलंच नसतं आणि उभं बसवलं असतं तर बॉनेट हातभर वाढलं असतं. व्ही-सिक्सची लांबी तीन सिलिंडर आणि थोडं वर, एवढीच.

इथे कोनाचा मुद्दा येतो, आणि वापरलेली गाडी बघताना कोन किती आहे हे विचाराच. मोटारीतलं व्ही-सिक्स मोठ्या संख्येने बनवायला घेतलं ते लान्सियाने, १९५० च्या ऑरेलियात. १,७५४ सीसीचं, ६० अंशांचं. त्या कोनाचा आणि संतुलनाचा अभ्यास तिथले अभियंते फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओ यांनी केला होता आणि त्यांच्यावर देखरेखीला व्हित्तोरिओ यानो यांच्यासारखा जाणता माणूस होता. ६० अंशांत सहा पिस्टनना सहा वेगळे क्रँकपिन (पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडतो ते खुंट) दिले की पेटण्याचं अंतर बरोबर १२० अंशांचं येतं. १९६२ मध्ये ब्यूइकने दुसरी वाट धरली. त्यांच्याकडे व्ही-एटची यंत्रसामग्री तयार होती, तिच्यातून दोन सिलिंडर कमी करून त्यांनी ९० अंशांचं व्ही-सिक्स काढलं. क्रँकवर पिन तीनच, त्यामुळे इंजिन कधी ९० अंशांनी पेटायचं, कधी १५० अंशांनी. लंगडत चालणाऱ्या माणसाची पावलं वाजावीत तसं. १९७७ मध्ये प्रत्येक पिन ३० अंशांनी दुभंगून त्यांनी ते सरळ केलं. आजची ९० अंशांची बहुतेक इंजिनं पिन दुभंगूनच येतात आणि डोल मारायला बऱ्याच जणांत बॅलन्स शाफ्टही असतो. फोक्सवॅगनच्या १९९१ मध्ये आलेल्या व्हीआर-सिक्समध्ये कोन फक्त १५ अंशांचा. दोन्ही रांगांना मिळून एकच हेड (सिलिंडरच्या डोक्यावरचा भाग). त्याच्या आवाजात एक खोल, घोगरा सूर आहे, माझ्यात तो नाही. मी त्यातली एक गाडी एकदाच चालवली, त्यामुळे जास्त बोलायचा मला अधिकार नाही.

पिकअपबद्दल ज्यांना टर्बोची सवय आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं. टर्बो नसलेलं व्ही-सिक्स १,५०० ला धक्का देत नाही. ते ३,००० ला जागं होतं आणि ४,५०० नंतर त्याचा जीव रमतो. सुरुवातीला चढावर मी अॅक्सिलरेटर नुसता दाबून धरायचो आणि गिअरबॉक्स गोंधळायचा. आता आधीच एक गिअर खाली घेतो आणि इंजिनाला वर जाऊ देतो. ओव्हरटेक करताना दाबल्याबरोबर गाडी उचलते, मधे वाट बघावी लागत नाही. पायाने मागावं आणि तेवढंच मिळावं, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने सुखावते.

मायलेज टाकी भरून टाकी भरेपर्यंत मोजलंय, स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवलेला नाही. गर्दीच्या रस्त्यात लिटरला ७.५ किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावर १२, अकरा महिन्यांची सरासरी ९.३. रोजचा प्रवास थांबत-थांबत असेल तर हे इंजिन घेऊ नका, सरळ सांगतो. उभं असतानाही ते तासाला लिटरभराहून जास्त पितं आणि त्या वेळात तुम्हाला स्थिर आरशाखेरीज काही देत नाही. वजन सगळं पुढे असल्याने पुढचे टायर लवकर झिजतात. ८,००० किलोमीटरला मी ते मागे टाकले. ऑइल मात्र इतक्या किलोमीटरांत डिपस्टिकवर दिसेल एवढंही कमी झालं नाही.

आता मागच्या रांगेचं. सहाव्या महिन्यात एका सकाळी स्टार्ट केली आणि आरसा हलला. आडव्या इंजिनात एक रांग रेडिएटरकडे असते आणि दुसरी फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, चिकटून. ६५० आरपीएमला एक सिलिंडर पेटेनासा झाला की सेकंदाला साधारण साडेपाच वेळा ठोका चुकतो, आणि सहा महिने काहीच न जाणवलेल्या माणसाला तो सीटमधून पाठीला लागतो. गाडी मिसिंग मारत होती. इंजिनाचा दिवा आधी स्थिर होता, जोर दिल्यावर उघडझाप करायला लागला. तो असा लुकलुकायला लागला की गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो वितळवतं. व्ही-सिक्समध्ये प्रत्येक रांगेला सहसा आपला वेगळा कन्व्हर्टर असतो, म्हणजे खर्चही दोन वाटांनी येऊ शकतो.

स्कॅनरवर कोड आला पी ०३०५, पाचवा सिलिंडर. माझ्या इंजिनात १, ३, ५ मागे आणि २, ४, ६ पुढे आहेत. पुढचा असता तर कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) शेजारच्या सिलिंडरवर टाकून बघायचं, कोड तिच्यामागे गेला तर कॉइल खराब, एवढं दहा मिनिटांचं काम. मागच्यापर्यंत हात पोचत नाही, कारण इनटेकचा वरचा मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटून देणारा भाग) दोन्ही रांगांवर झाकणासारखा पसरून बसलेला असतो. हवेचा पाइप, थ्रॉटल बॉडी, व्हॅक्यूमच्या नळ्या, मागून येणारे दोन ब्रॅकेट, मग मॅनिफोल्ड, आणि मग कुठे ती कॉइल दिसते. मेकॅनिकबरोबर मीही उभा होतो. दोन तास गेले.

पाच नंबरची कॉइल त्याने ओढली तर तिचं रबर तेलाने माखून फुगलेलं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) सील गळत होतं आणि प्लगच्या विहिरीत तेल साचलं होतं. प्लग काढला. त्याच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर वरून खालपर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. ठिणगी टोकाशी पडायच्या ऐवजी या रेघेवरून बाजूने पळत होती. मग त्याने १ आणि ३ काढले, शेजारी पुढचे तीन काढून ठेवले आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. पुढचे तीन चकचकीत, वेगळ्या कंपनीचे. मागचे तीन कारखान्यातून आलेलेच, टोकं झिजून गॅप वाढलेली. “साहेब, मागचं कुणी उघडलेलंच नाही,” तो म्हणाला. आधीच्या मालकाने मला सर्व्हिसची बिलं दिली होती. घरी येऊन बघितलं तर एका बिलावर प्लग ६ नग आणि मजुरीही पूर्ण कामाची. आधीच्या मालकाला ही फसवणूक कळायचा मार्गच नव्हता. आडव्या व्ही-सिक्समध्ये मागची रांग बघायची तर मॅनिफोल्डच उतरवावा लागतो, आणि तो उतरवल्याशिवाय खोटं सापडत नाही. याचा मला अजून राग येतो.

सहाही प्लग नवे, पाच नंबरची कॉइल नवी, दोन्ही टॅपेट कव्हरची सीलं आणि मॅनिफोल्डचं गास्केट, एवढं एकाच बैठकीत करून घेतलं. गास्केटवर पैसे वाचवू नका. जुनं चपटं होऊन कडक झालेलं असतं, तेच परत बसवलं तर हवा आत ओढली जाते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि आयडलिंग पुन्हा डळमळतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, टॉर्क रेंचनेच आवळायला सांगा. त्या दिवसापासून आरसा पुन्हा स्थिर आहे.

वापरलेली व्ही-सिक्स बघायला जाणार असाल तर इंजिन थंड असताना स्टार्ट करा आणि आरशात बघा. मागच्या रांगेचे प्लग कधी बदलले हे विचारा आणि सोबत मॅनिफोल्डच्या गास्केटचं बिल मागा. गास्केट घेतलेलंच नसेल तर मागचे प्लगही बदललेले नाहीत असं धरून चाला. फायरवॉलकडून जळक्या तेलाचा वास येतो का बघा. मागच्या टॅपेट कव्हरचं तेल थेट गरम एक्झॉस्टवर पडतं, म्हणून डाग दिसायच्या आधी वास येतो. टायमिंग बेल्ट आहे की चेन, हेही आधीच कळायला हवं. बेल्ट असेल तर तो बदलल्याचा पुरावा हवाच.

मर्सिडीजने २०१७ मध्ये व्ही-सिक्स सोडून पुन्हा सरळ सहाकडे मोर्चा वळवला आणि बऱ्याच सेडानमध्ये व्ही-सिक्सच्या जागी टर्बोचे चार सिलिंडर आले. कारणं पटण्यासारखी आहेत. एक हेड म्हणजे निम्मे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), टर्बो आणि कन्व्हर्टर एकाच बाजूला, आणि पेट्रोलही कमी. तरी मला उद्या पुन्हा निवडायला सांगितलं तर मी हेच घेईन, फक्त मागचे तीन प्लग काढून बघितल्यावर.

सध्या वॉटर पंपाखाली कूलंट सुकून गुलाबी खरवड धरलीय. थेंब पडत नाही, पण दर रविवारी टॉर्च मारून बघतो आणि ती थोडी-थोडी वाढतेय. पंप पुढच्या महिन्यात बदलायचाय. इंजिन आडवं असल्याने पंप आणि बॉडी यांच्यात हात जाईल एवढीही फट नाही, त्यामुळे एका बाजूचं माउंटिंग सोडून इंजिन जॅकवर थोडं उचलावं लागणार आहे. पट्टाही त्याच वेळी बदलून घेईन.