टेपच्या आधी डिस्क: आठ महिने वापरल्यावर

आमचा बॅकअप टेपवर जाण्याआधी डिस्कवर उतरतो, त्याला स्टेजिंग म्हणतात. गेल्या आठवड्यात त्या स्टेजिंगच्या चार डिस्कांपैकी एक गेली. त्या तिडिकेतच लिहितोय, सूर कडवट लागला तर सांभाळून घ्या.

आमचं गिरगावातलं सीए ऑफिस. डेटा पाच टीबी, पण सगळा चिल्लर: बिलं, व्हाउचरं, रिटर्नं यांच्या लाखो स्कॅन फाइली. अंधेरीतल्या एका बंद पडलेल्या एडिटिंग स्टुडिओचा एलटीओ-८ ड्राइव्ह, म्हणजे बॅकअपच्या टेपा लिहिणारं यंत्र, सेकंडहँड मिळाला. टेपच्या कार्ट्रिजच्या वेष्टनावर ३० टीबी लिहिलेलं असतं, पण ते डेटा दाबून बसवला तर. आमच्या पीडीएफ आधीच दाबलेल्या, म्हणून १२च धरायचे.

हा ड्राइव्ह सेकंदाला ३६० एमबीपर्यंत लिहितो आणि कितीही हळू चालवला तरी शंभराच्या फार खाली उतरत नाही. आमच्या सर्व्हरवरून फाइली यायच्या सेकंदाला ३५ एमबीने. मग टेप थांबणार, मागे जाणार, पुन्हा पुढे. याला शू-शाइनिंग म्हणतात, आणि चर्चगेटच्या पॉलिशवाल्याचा ब्रश आठवला की नाव पटतं. घर्रर्र, खट्, घर्रर्र. माझं टेबल ड्राइव्हपासून चार फुटांवर! शुक्रवारी रात्री आठला लावलेला फुल बॅकअप रविवारी दुपारी आटपायचा, आणि मार्चमध्ये रविवारीही ऑफिस असतंच. हेड झिजतो, टेप झिजते, हे सगळं खरं. पण डिस्का घेतल्या त्या मुख्यतः त्या आवाजापायी.

लॅमिंग्टन रोडवरून ८ टीबीच्या चार साध्या डेस्कटॉप डिस्का आणल्या, रेड ५ केलं, म्हणजे चारींचा मिळून एक साठा, एक गेली तरी डेटा शाबूत. एनएएसवाल्या (नेटवर्कवरच्या, सतत चालणाऱ्या साठ्यासाठी बनवलेल्या) घेतल्या नाहीत म्हणून अकरा हजार वाचले, त्याची फुशारकी ऑफिसभर मारली.

पहिल्या महिन्यात उपयोग शून्य. फाइली होत्या तशाच डिस्कवर उतरवल्या आणि तिथून टेपवर पाठवल्या, तर तेच घर्रर्र! लाखो तुकडे शोधत फिरणारी डिस्क टेपचं पोट भरणार कशी? शेवटी सॉफ्टवेअरमध्ये ५० जीबीचे गठ्ठे करायला लावले. त्यानंतर ड्राइव्ह जो एकसुरात चालू लागला, की मी चहा ठेवून ऐकत बसलो. डिस्कवर पाच जॉब एकदम घेता येतात, त्यामुळे सर्व्हरचं काम चौदा तासांत होतं. तिथून टेप भरायला पाचेक तास.

सप्टेंबरात, टॅक्स ऑडिटच्या ऐन घाईत, एका आर्टिकलने (आमच्याकडे शिकाऊ असलेल्या सीएच्या विद्यार्थ्याने) क्लायंटचा अख्खा फोल्डर उडवला. पोरगं रडवेलं झालं होतं. चार मिनिटांत डिस्कवरून परत दिला. पूर्वी साहेबांच्या मुलुंडच्या घरून टेप मागवावी लागायची.

तेव्हा मी साहेबांना म्हटलंही, आता टेप कशाला? ते शब्द मागे घेतो. डिस्क सदैव नेटवर्कवर. उद्या रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर बॅकअपसकट जाईल. कपाटातल्या टेपला कोण हात लावणार? साहेब २००५च्या २६ जुलैच्या पुराच्या वेळी कलिन्यात राहायचे, त्यामुळे मुलुंडची फेरी त्यांनी कधी चुकवली नाही.

आता ती डिस्क. तसलीच नवी लावली, तर रिबिल्डला, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा उभा करायला, साडेचार दिवस! शोधाशोध केल्यावर कळलं की या एसएमआर जातीच्या. यांत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात; एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सततच्या लिखाणाला दम तुटतो. डब्यावर याचा उल्लेख नाही. वॉरंटी मागायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "रेडमध्ये लावली ना? मग क्लेम बसत नाही." बिलावर असं कुठे लिहिलंय, ते दाखवा म्हटलं. गल्ल्यावरून उठलाच नाही. तीन फेऱ्या झाल्या, रिटर्न तिकिटाचे पैसे वेगळे.

त्या साडेचार दिवसांत टेपला थेट सर्व्हरवरून खाऊ घालावं लागलं. म्हणजे पुन्हा चार फुटांवर तोच ब्रश.

डिस्क-मग-टेप ही पद्धत सोडणार नाही. डिस्का मात्र सीएमआरच, म्हणजे ज्यांत ट्रॅक एकमेकांवर चढत नाहीत त्या. एकेक करून बदलतोय. साहेबांपुढे चारांचं बिल एकदम ठेवायची माझी छाती नाही.